माझ्या भारंभार गूळ

माझ्या धाकट्या दिराला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सगळे गळ्यात गळे घालून रडतील या आशेवर कुणी वाचत राहायला नको.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता मला न्यूमोनिया झाला. मुंबई नाक्याजवळच्या एका दवाखान्यात दहा दिवस होते. चौथ्या दिवशी मला स्कॅनसाठी खाली न्यायचं होतं. तिथली दोन माणसं आली, चादरीसकट उचलून मला स्ट्रेचरवर घ्यायला लागली, आणि जमेना म्हणून त्यांनी तिसऱ्याला हाक मारली. माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि डोळे मिटलेले होते. घरच्यांना वाटत होतं मी ग्लानीत आहे. मी पूर्ण जागी होते. डोळे उघडायची ताकद नव्हती, एवढंच.

दाराशी नवरा, सासूबाई आणि दीर उभे होते. दीर म्हणाला, "दादा, काही बरंवाईट झालं तर चार खांदेकरी पुरायचे नाहीत हां. आठ तरी सांगून ठेव."

आणि माझा नवरा हसला. फार नाही हसला. नाकातून फुस्स करून हसला, घाबरलेला माणूस हसतो तसा. पण हसला. सासूबाईंचा आवाज काही आला नाही. त्याही गालातल्या गालात हसल्या असतील असं मी धरून चालले.

त्या दिवशी मी मरायचं नाही असं ठरवलं. लोक म्हणतात, मुलांसाठी जगले, देवाच्या कृपेने जगले. मी दिराच्या नाकावर टिच्चून जगले.

दीर माझ्याहून सात वर्षांनी लहान. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर आहे आणि गावच्या घरात सासूबाईंबरोबर राहतो. अंगाने काडी. रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो आणि उरलेला दिवस ते सांगत असतो. मनगटावरचं घड्याळ त्याची पावलं मोजतं, आणि तो ती आम्हाला वाचून दाखवतो. सणाला पंगत बसली की वाढपी हाच. माझ्या ताटाशी आला की थांबणार आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणणार, "वहिनींना दोन पोळ्या एकदम वाढतो, सारखी फेरी नको." पोळ्या पुरणाच्या, वर तुपाची धार, नाही म्हटलं तर "अन्नाला नाही म्हणू नये" हे ऐकवणार. आग्रह करकरून वाढायचं आणि मग पोटाकडे बघून हसायचं, अशी त्याची दुहेरी नोकरी वीस वर्षं चालू होती. आणि मी हसत होते. जाड बाईला हसावंच लागतं. नाही हसली तर वजनाबरोबर तिचा स्वभावही जड ठरतो.

पण खांदेकऱ्यांच्या वाक्यावर मला हसता आलं नाही. ते वाक्य मी घरी आणलं. शाळेत तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जायला जिना चढताना, प्रत्येक मजल्यावर कठडा धरून उभी राहताना, ते माझ्या बरोबर उभं राहायचं. मी आठवीला मराठी शिकवते. गुडघ्यांमुळे खुर्चीत बसून शिकवते. फळ्यावर लिहायचं असेल तर एखाद्या मुलीला उठवते. गुडघे खरंच गेलेले होते, खोटं कशाला बोलू. डॉक्टर म्हणाले होते की पन्नाशीच्या आत दोन्ही बदलायला लागतील, आणि या वजनावर नवे घातले तरी तेही झिजतील.

म्हणून गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी वजन कमी करायच्या ऑपरेशनची चौकशी केली. कॉलेज रोडवर एक सर्जनबाई आहेत, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि पेनाने त्याचा मोठा भाग खोडून टाकला. उरलं ते केळ्याएवढं. म्हणाल्या, "एवढं ठेवणार. एका वेळी अर्धी वाटी जेवायचं. आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या. केस गळतील, कातडी लोंबेल. आणि ही जादू नाही, खात सुटलात तर वजन परत येतं. धोका कमी आहे, पण नाहीच असं मी म्हणणार नाही." बाई स्पष्ट बोलत होती, ते मला आवडलं. मग त्यांच्या मदतनीसाने एक फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता: ऑपरेशन करावंसं का वाटतं?

मी लिहिलं, "गुडघे."

खरं उत्तर त्या रकान्यात मावलं नसतं. खरं उत्तर असं होतं की मला पुढच्या दिवाळीत सडसडीत होऊन गावच्या घरी जायचं होतं. पंगतीत बसायचं होतं. दीर पुरणपोळी घेऊन आला की ताटावर हात आडवा धरायचा होता आणि म्हणायचं होतं, "भाऊजी, मला नको. तुम्ही घ्या, तुमची हाडं दिसतायत." हे वाक्य मी आरशासमोर म्हणून बघितलं होतं. वेगवेगळ्या आवाजांत. तेवढ्या एका वाक्यासाठी मी पोट कापून घ्यायला तयार होते.

आता पैसे. विम्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने माझी उंची, वजन कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि मान हलवली. "मॅडम, तुमचा आकडा थोडा कमी पडतोय. अजून जास्त असता तर बसलं असतं. किंवा मग जोडीला शुगर वगैरे... आहे का?"

"नाही. शुगर एकदम नॉर्मल."

"अरेरे," तो म्हणाला. मनापासून म्हणाला.

उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं की बाई, तू पुरेशी जाड नाहीस. मी बाहेर येऊन रिक्षात बसले आणि द्वारकेपर्यंत हसत होते. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघून घेतलं.

म्हणजे खर्च स्वतःच्या खिशातून. आकडा चार लाखांच्या वर जात होता. आमचा पगारावरचा संसार, मुलीचं इंजिनिअरिंग चालू. माझ्याकडे एकच मोठी रक्कम होती. दिंडोरीकडे माझ्या माहेरची थोडी जमीन होती, ती विकली तेव्हा भावाने माझा वाटा मला दिला होता. न मागता दिला होता. सह्या करून घेऊन बहिणींना साडी देणारे भाऊ मी पाहिलेत, माझा तसा निघाला नाही. ते पैसे मी मुदत ठेवीत टाकले होते आणि कशालाच हात लावला नव्हता. आई त्या जमिनीत उभी राहून टोमॅटो खुडायची. ती गेल्यावर तेवढंच तिचं माझ्याकडे उरलं होतं. आता ते मोडून पोट कापायचं? आणि ते कुणासाठी, तर त्या काडीसाठी?

नवऱ्याला विचारलं. तो पेपर वाचत होता. म्हणाला, "अगं, तुझे पैसे, तुझं शरीर. मी काय सांगणार?"

"तुम्ही त्या दिवशी हसलात," मी म्हटलं.

"कधी?"

त्याला आठवतच नव्हतं. याचा मला हसण्यापेक्षा जास्त राग आला. मी विषय सोडला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन करून फाल्गुनातली तारीख घेतली. मात्र ठेव मोडली नाही. ठेवीची पावती पर्समध्ये घालून फिरत राहिले. आठवड्यातून दोनदा तरी बँकेच्या दारावरून जायचे आणि पुढे निघून यायचे.

ऑपरेशनचं गावी सांगणं भाग होतं. रविवारी सिन्नरची बस पकडून गेले. दीर घरीच होता. ऐकल्यावर त्याचे डोळे चमकले. "वा वहिनी! करा करा. म्हणजे आईच्या नवसाचा गूळ तरी वाचेल."

"कसला नवस?"

सासूबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली नाही. दीरच सांगायला लागला. मी दवाखान्यात असताना सासूबाईंनी गावच्या देवीला नवस बोलला होता, सून बरी होऊन घरी आली तर तिच्या भारंभार गूळ वाहीन. एका पारड्यात मी, दुसऱ्या पारड्यात गूळ. गावासमोर, देवळात. ज्यांना ही चाल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे हे लहान मुलांचं करतात. बाळ आजारातून उठलं की त्याची गुळाने तुला करतात, पाच-सहा किलोत काम भागतं. चव्वेचाळीस वर्षांच्या, ब्याण्णव किलोच्या सुनेची तुला माझ्या सासूशिवाय कुणाला सुचली नसती.

"टेम्पो सांगायला लागेल," दीर म्हणाला, आणि घड्याळात पावलं बघत फिरायला निघून गेला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी सासूबाईंसमोर जाऊन बसले. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, चौरंगावर बसले. म्हटलं, "आई, मला सगळ्या गावासमोर तागडीत बसवणार? मी काय कांदा आहे? आधी ऑपरेशन होऊ दे, मग बघू नवसाचं."

"नाय," त्या म्हणाल्या. "आधी नवस. देवीला बोलले तवा जेवढी व्हतीस, तेवढीच तोलायची. कमी करून आणली तर ती देवीची फसवणूक हाय."

"मला नाही बसायचं. लोक हसतील. हे भाऊजी तर..."

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. पंच्याहत्तरीची बाई, आवाज कधी वर जात नाही. हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी तू जागी व्हतीस ना?"

मी बाजूच्या सुपातले गहू बघायला लागले.

"मला ठाव हाय. तू डोळं नाय उघडलं, पण कडंनं पाणी आलं. ते मी पाहिलं. ह्या दोघांनी नाय पाहिलं." त्यांनी पदराने हाताची धूळ पुसली. "मला त्याच्या मुस्काटात द्यायची व्हती. पण एवढ्या मोठ्या बाप्याला दवाखान्यात कुठं मारू? मंग तिथंच, पायरीवर बसून देवीला बोलले. त्यानं वजनाचं काढलं ना? मंग नवस बी वजनाचाच. हिच्या भारंभार गूळ वाहीन. अन् सगळा गूळ ह्याच्या एकट्याच्या खांद्यावरून वर येईल. दुसऱ्या कुनी हात लावायचा नाय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. देवी आमच्या गावाबाहेर टेकडीवर आहे. ऐंशी पायऱ्या आहेत.

"भाऊजींना माहीत आहे?"

"गूळ न्यायचाय येवढं ठाव हाय. एकट्यानं न्यायचाय अन् का न्यायचाय, ते नाय ठाव." मग सूप पुन्हा मांडीवर घेऊन म्हणाल्या, "बसशील ना तागडीत?"

बसेन का? मला त्याच क्षणी नेऊन बसवलं असतं तरी बसले असते. दीड वर्ष या बाईला मी मनातल्या मनात हसणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं होतं, आणि ती त्या दिवसापासून दगड घेऊन दबा धरून बसली होती. मी वाकून त्यांच्या पाया पडले. चौरंगावरून उठायला त्यांनीच हात दिला होता.

फाल्गुनातली तारीख मी पुढे ढकलली. सर्जनबाईंच्या आहारतज्ज्ञाने ऑपरेशनआधी दोन-तीन किलो कमी करायला म्हणून एक कागद दिला होता: सकाळी दोन अंड्यांचा पांढरा भाग, दुपारी डाळ, रात्री सूप. तो कागद मी फ्रिजवर लावला आणि त्याच्यासमोर उभी राहून रोज पोटभर जेवले. रविवारी मिसळ, वर तर्री, जादा पाव. दिराच्या खांद्यावरचा अर्धा किलोसुद्धा मला कमी होऊ द्यायचा नव्हता. इतक्या निष्ठेने मी कुठलंच व्रत केलेलं नाही.

चैत्रातला मंगळवार ठरला. एका जुन्या अडत्याकडून कांदे तोलायची मोठी लोखंडी तागडी आणली होती. ती देवळाच्या मंडपातल्या तुळईला साखळदंडाने टांगली होती. मी सकाळी सातलाच चढायला लागले, ऊन व्हायच्या आत. दर दहा पायऱ्यांनी थांबले. वर पोचायला पाऊण तास लागला. सासूबाई काठी टेकत माझ्या आधी पोचल्या होत्या. गावातली पन्नास-साठ माणसं जमली होती. बायका पदराआडून माझ्याकडे आणि मग साखळदंडाकडे बघत होत्या.

गूळ पायथ्याच्या दुकानात आणवून ठेवला होता, दहा-दहा किलोच्या ढेपी. दीर रुबाबात वर आला, पांढरा शर्ट, मनगटावर घड्याळ. बरोबर कंपनीतले दोन मित्र आणले होते, गूळ चढवायला. सासूबाईंनी त्या दोघांना हाताला धरून मंडपात बसवलं आणि चहा दिला. मग दिराला म्हणाल्या, "नवस तुझ्या खांद्याचा बोललाय. एकट्यानं आनायचा."

"सगळा?"

"सगळा."

देवीसमोर, गावासमोर, नाही कसं म्हणणार? तो गेला. पहिली ढेप आणताना हसत होता. दुसरी आणताना कुणीतरी म्हणालं, घड्याळात पावलं मोजतोय ना, तेव्हाही हसला. तिसऱ्या फेरीला घाम आला. चौथ्या फेरीला शर्टावर गोणपाटाचे डाग पडले आणि त्याने घड्याळ काढून खिशात टाकलं. मी मंडपातल्या खांबाला टेकून बसले होते आणि पायऱ्यांकडे तोंड करून बसले होते. मला एकही फेरी चुकवायची नव्हती. सहाव्या फेरीला तो मधेच पायरीवर ढेप टेकून बसला. त्याचे मित्र उठायला लागले तर सासूबाईंनी काठी आडवी धरली. नवव्या फेरीला त्याची मांडी थरथरताना मला इथून दिसत होती. नऊ ढेपी आणि वर सुटे दोन-तीन किलो, असा हिशेब त्याने माझ्या जुन्या वजनावरून करून ठेवला होता. तो येऊन भिंतीला टेकला आणि डोळे मिटले.

"आता बस बाई," सासूबाई मला म्हणाल्या. "पन आधी ओटी."

आणि एकेक करून पाच सवाष्णी पुढे आल्या. प्रत्येकीने माझ्या पदरात ओंजळ ओंजळ गहू, नारळ, केळी, पेरू, खारका घातल्या. पाच नारळ! सासूबाईंनी या पाचजणींना आदल्या दिवशी घरी बोलावून का बसवलं होतं ते मला आत्ता कळलं. मी माझ्या जाडसर पैठणीत, पाटल्या-बांगड्या घालून, पाच ओट्या पदरात धरून, घरून पिऊन आलेल्या दोन तांबे पाण्यासकट पारड्यात बसले. साखळदंड करकरला. कुणी हसलं नाही. सुट्या गुळासकट नऊच्या नऊ ढेपी दुसऱ्या पारड्यात गेल्या आणि ते पारडं खाली येईना. चांगलं वीतभर वर.

"एक अजून लागंल," सासूबाई म्हणाल्या.

दिराने डोळे उघडले. मी पारड्यात बसून त्याच्या डोळ्यांत बघितलं. सांगते, वीस वर्षांत एवढ्या सुखाने मी कुठेच बसले नव्हते.

तो गेला. दहावी ढेप घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. ढेप ठेवली तसं पारडं हळूच खाली गेलं, मी वर आले, काटा मधे थांबला. गुरवाने घंटा वाजवली. दीर तिथेच जमिनीवर बसला आणि धापा टाकत म्हणाला, "आई, असा कसला गं नवस? माणसाने मरायचं का?"

सासूबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, पण नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "दवाखान्यात तू हिचं खांदेकरी मोजत व्हतास ना? चार नाय पुरायचे, आठ सांगा म्हनत व्हतास. मी म्हनलं, एकच पुरंल."

दिराने मान खाली घातली. माझा नवरा सासूबाईंच्या मागे उभा होता. त्याला आता सगळं आठवलं होतं. त्याचा चेहराही बघण्यासारखा झाला. मी त्याच्याकडेही पोटभर बघून घेतलं. आरशासमोर पाठ केलेलं माझं वाक्य म्हणायची गरजच उरली नाही.

गूळ फोडला. गाव रांगेत उभं राहिलं. पोरंबाळं, म्हातारे, सगळे माझ्या वजनाचा तुकडा तोंडात टाकून गेले. मीही खाल्ला. चांगला होता, पिवळा, चिकीचा. ज्यांना वाटतं सूड घेतल्यावर माणसाला रितं वाटतं, त्यांनी नीट घेतलेला नसतो. मला भरल्यासारखं वाटत होतं.

मग खाली उतरायचं होतं.

नवरा सासूबाईंचा हात धरून पुढे गेला. गाव पांगलं. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्यांना वाईट, हे ज्याचे गुडघे गेलेत त्यालाच कळतं. चाळीसेक पायऱ्या मी कठडा धरून उतरले. तिथे कठडा संपतो. पुढच्या पायरीवर पाऊल टाकलं आणि उजवा गुडघा कळ मारून दुमडला. मी बसणारच होते, तोंडावर पडणारच होते. शेजारी एकच माणूस होता. त्याचे पाय लटपटत होते म्हणून तोही सगळ्यात मागे राहिला होता.

दिराने खांदा पुढे केला. तोच, उजवा. शर्टावर गूळ लागून चिकट झालेला, मुंग्या लागलेला.

मी तो नाकारायला हवा होता. आयुष्यभर ज्या घटकेची वाट पाहिली ती घेऊन मी मानाने पायरीवर बसून राहायला हवं होतं. पण ऊन डोक्यावर आलं होतं आणि गुडघ्यात सुया टोचत होत्या. मी हात ठेवला. आणि ठेवायचाच आहे तर कशाला कसर करू, म्हणून सगळं वजन टाकलं. एक छटाकही सावरून धरलं नाही. तो कण्हला. चाळीस पायऱ्या आम्ही तसे उतरलो. त्याने माफी मागितली नाही, मी त्याला तशी संधीही दिली नाही. मधे एकदाच तो म्हणाला, "वहिनी, हळू." त्याच्या घामाचा आणि गुळाचा वास येत होता.

पायथ्याशी मी हात काढला. त्याची जिरवायची तेवढी जिरवून झाली होती, आणि तरी माझं तोंड कडू झालं होतं. त्याची दया आली म्हणून नव्हे. खाली यायला मला त्याचाच खांदा लागला होता. उद्या शाळेचा जिना होता. परवा बसची पायरी. दहा वर्षांनी कुठला तरी संडास, कुठली तरी खाट, आणि उचलणारं कुणीतरी, आणि त्याच्या मनात मोजणी. दरवेळी माझी सासू नवस घेऊन हजर असणार नव्हती.

गुरुवारी मी बँकेत गेले आणि ठेव मोडली. आईने टोमॅटो खुडताना शेवटी शेवटी कंबर धरून चालायला सुरुवात केली होती, आणि तिला उचलायला आम्ही दोघं भावंडं आळीपाळीने जायचो. आई म्हणायची, "दुसऱ्याच्या हाताने उठायचं दुःख वैऱ्यालाही नको." तिच्या जमिनीचे पैसे तिच्याच बोलण्याला लागले, असं मी मनाशी ठरवलं. वैऱ्याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे.

तिथून थेट कॉलेज रोडवर गेले. आहारतज्ज्ञाने वजन केलं आणि कपाळाला हात लावला. दोन किलो वाढलं होतं. तारीख नवी असल्याने फॉर्मही नवा भरायचा होता. मदतनीस स्वतःच विचारून लिहून घेत होता. नाव, वय, उंची. मग म्हणाला, "कारण?"

मी म्हटलं, "एका माणसाच्या खांद्यावर मला पुन्हा कधीही हात ठेवायला लागू नये म्हणून."

त्याने पेन उचलून माझ्याकडे बघितलं. पुढे काही ऐकायला मिळेल म्हणून थोडा थांबला. मग खाली वाकून त्याने रकान्यात लिहिलं, "गुडघे."